पाऊण बाटली आणि ३/४ : एका घरातलं अपूर्णांकांचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी मुलांच्या घरी जाऊन त्यांना अभ्यासात मदत करते. बहुतेक वेळा गणितातच. हे प्रकरण चौथीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचं आहे. नाव, गाव, शाळा यांतलं काहीच देत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदललेही आहेत. पुढे तिला नुसतं 'मुलगी' म्हणेन.

घरात आई, बाबा, आजोबा आणि पाच वर्षांचा धाकटा भाऊ. आई संध्याकाळपर्यंत कामावर, बाबांची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मुलं आजोबांपाशी असतात. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. मी ते ऐकलं आणि विसरले. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मुलगी बोलकी. वाचन छान, पाढे तोंडपाठ, हातच्याची वजाबाकीही न चुकता करायची. अपूर्णांक सुरू झाले आणि गाडी अडली. चाचणीत २० पैकी ५ मिळाले. वहीत शेरा आला : 'सराव कमी पडतो.' मग आईने सराव वाढवला, रोज रात्री जेवण झालं की अपूर्णांकांचं एक पान. तिसऱ्या आठवड्यात मुलीचं पोट दुखायला लागलं. रोज, त्याच वेळी.

तेव्हा मला बोलावलं.

अडचण

पहिल्या भेटीत मी कागद काढलाच नाही. गप्पा मारता मारता विचारलं, "शाळेत जायला किती वेळ लागतो गं?"

"पाऊण तास."

"म्हणजे तासाहून जास्त की कमी?"

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "कमी. पण अर्ध्या तासाहून जास्त."

"आणि सव्वा तास मोठा की दीड तास?"

"दीड!" यात विचारण्यासारखं काय आहे, असा सूर.

मग मी कागदावर ३/४ लिहिलं आणि हे काय, असं विचारलं. "तीन. आणि खाली चार." एकापेक्षा लहान का मोठं? "मोठं. दोन्ही एकापेक्षा मोठेच आहेत ना." १/३ आणि १/४ यांत मोठा कोण? "एक छेद चार, कारण चार मोठे." शेवटी १/२ + १/४ दिलं. तिने वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले आणि २/६ लिहून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता.

सराव कमी पडतोय असं नव्हतंच, हे मला तिथेच कळलं. चुकीची गोष्ट तिने मनापासून घोटली होती. चार वर्षं तिला एकच नियम उपयोगी पडला होता : अंक मोठा तर संख्या मोठी. तो नियम तिने इमानदारीने अपूर्णांकांनाही लावला. ही चूक जगभरातली मुलं करतात. पूर्ण संख्यांचा पगडा म्हणा हवं तर.

मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मराठी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच असे सुटसुटीत शब्द शाळेत जायच्या आधीपासून असतात. या मुलीच्याही होते, आणि ती ते अचूक वापरत होती. पाऊण हा अर्ध्याच्या पुढे आणि एकाच्या अलीकडे असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त 'पाऊण' आणि '३/४' यांची कधी गाठच पडली नव्हती.

यावरून मला १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आठवला. तेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लीमन या संशोधकांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांशी आधी गिऱ्हाईक म्हणून बोलून हिशेब करवून घेतले, आणि नंतर तशीच आकडेमोड कागदावर दिली. विक्री करताना मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नुसत्या आकड्यांवर आल्यावर ती ३७ टक्क्यांच्या आसपास उतरली. मुलं तीच, गणित तेच. आमच्या मुलीचंही असंच काहीसं होतं. तिचं दुकान नव्हतं, एवढाच फरक.

समोर असलेले पर्याय

आई, बाबा, आजोबा आणि मी असे चौघं बसलो. प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि एकाचंही टाकाऊ नव्हतं.

बाबांना सराव चालू ठेवायचा होता. पुढची चाचणी नऊ आठवड्यांवर होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "ताई, समजो न समजो, निदान रीत तरी पाठ होईल." रीत पाठ झाली असती, हे मी नाकारलं नाही. पण २/६ हे उत्तर स्वतःलाच विचित्र वाटायला हवं, ते रीत पाठ करून होत नाही.

आईने अपूर्णांकांच्या रंगीत चकत्यांचा संच पाहून ठेवला होता. असे संच उपयोगी पडतात, मीही वापरते. पण त्यात एक मेख आहे. चकती ही मुलासाठी आधी एक वस्तू असते. ती दुसऱ्या कशाची तरी खूण आहे, हे मुलाला वेगळं शिकावं लागतं. ज्युडी डिलोश या मानसशास्त्रज्ञांनी खोलीची छोटी प्रतिकृती करून मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. प्रतिकृतीत खेळणं कुठे लपवलं ते दाखवलं की तीन वर्षांची मुलं खऱ्या खोलीत तिथेच शोधायची, अडीच वर्षांच्यांना ते जमायचं नाही. आणखी गंमत म्हणजे, तीन वर्षांच्या मुलांना त्या प्रतिकृतीशी आधी मनसोक्त खेळू दिलं, तर शोधणं त्यांना जास्त जड गेलं. वस्तू खेळणं झाली की खूण म्हणून दिसेनाशी होते. आमची मुलगी बरीच मोठी होती हे खरं, पण चकत्या आणल्या तर आणखी एक नवी गोष्ट शिकवावी लागेल, अशी मला धास्ती वाटली. पाऊण तिला आधीच येत होतं, मग तिथूनच का निघू नये?

आजोबा म्हणाले, "काही करू नका. मोठी झाली की येईल." हाही पर्याय मी गंभीरपणे घेतला होता. पण वर्ग थांबत नाही, आणि पोटदुखी सुरू झालेलीच होती.

शेवटी ठरलं ते असं : आठ आठवडे घरातल्या रोजच्या कामांतून अपूर्णांक, आणि तोवर रात्रीचं पान पूर्ण बंद. दुसऱ्या अटीवर मी अडून बसले. बाबांनी विचारलं, "आणि चाचणीचं काय?" गुण वाढतील असं वचन देता येणार नाही, हे मी तिथेच सांगून टाकलं. ते नाखुशीने हो म्हणाले.

पहिला प्रयत्न

पहिला प्रयत्न फसला, आणि तो माझ्यामुळे फसला.

मी आईला एक यादी करून दिली. टॉवेलच्या घड्या, तांब्या भरणं, वर्तमानपत्राची पट्टी कापणं, घड्याळ बघणं, अशी बारा कामं आणि प्रत्येक कामासमोर त्यातला अपूर्णांक. यादी देखणी होती, मला स्वतःलाच आवडली होती. पण ती यादी हातात धरून थकून घरी आलेली आई संध्याकाळभर संधी शोधत फिरायला लागली. "हा टॉवेल अर्धा झाला ना? आता परत घडी घातलीस, आता किती? आणि अजून एक घातली तर?" पाचव्या दिवशी आई न्हाणीघरात बादली भरत होती, तेव्हा मुलगी दारातूनच परत फिरली आणि म्हणाली, "आई, हे काम आहे का परीक्षा?"

आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज पडलेला होता. ती बादली भरताना एकूण किती प्रश्न विचारले, ते आम्ही दोघींनी आठवून मोजलं. अकरा भरले.

रात्रीचं पान बंद करून आम्ही दिवसभराचं पान सुरू केलं होतं. ज्याचं उत्तर मोठ्यांना आधीच माहीत आहे असा प्रश्न म्हणजे परीक्षाच, मग तो टॉवेलवर विचारा नाहीतर वहीत. मुलांना हा वास लगेच येतो. शिवाय टॉवेलची ती चौथी घडी घालायची कुणालाच गरज नव्हती. घडी चुकली असती तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

१९७६ साली डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना ठोकळ्यांचा पिरॅमिड रचताना कशी मदत होते, याचा अभ्यास मांडला. मोठ्यांच्या मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. मूल अडेल तिथे आधार द्यायचा, जमायला लागलं की काढून घ्यायचा. आम्ही इतकी परांची बांधली होती की आतली इमारत दिसेनाशी झाली.

आणखी एक चूक होती. मुलीचा मोकळा वेळ दुपारचा, म्हणजे आजोबांच्या वाट्याचा. मी यादी दिली होती ती संध्याकाळी सातला दमून येणाऱ्या आईला.

दुसरा प्रयत्न : कुंड्या

या वेळी मी आजोबांना विचारलं, "घरातलं असं कुठलं काम आहे, जे खरंच व्हायचं राहून जातं?"

उत्तर तयार होतं. गच्चीत नऊ कुंड्या होत्या. आजोबांचे गुडघे दुखायचे, बादली उचलवत नव्हती. जो जाईल तो अंदाजाने पाणी ओतून यायचा. दोन झाडांची मुळं जास्त पाण्याने कुजायला लागली होती आणि एक सुकत चाललं होतं. आजोबांनी मुलीला बोलावून सांगितलं, "आजपासून या तुझ्या. मोठीला एक बाटली. मधल्या चौघींना पाऊण-पाऊण. त्या कोपऱ्यातल्या दोघींना अर्धी. आणि या दोघींना पावच, जास्त घातलंस तर मरतील."

मला यात काहीच आखावं लागलं नाही. आजोबांच्या बोलण्यात अपूर्णांक आपोआपच येत होते.

मोठ्यांसाठी एकच नियम केला : प्रश्न विचारायचे नाहीत. स्वतः काय करतो ते बोलावं, वस्तू हातात द्यावी, "मला माहीत नाही, बघू या" म्हणावं, पण प्रश्न नको. आईला हे फार जड गेलं. मलाही गेलं.

बाटली एक लिटरची, पारदर्शक. पाऊण कुठे येतं ते कळायला खूण हवी. शनिवारी आईने पट्टी लावून बाटलीची उंची मोजली, २४ सेंटिमीटर भरली. मग ६, १२ आणि १८ वर कागदाच्या चिकटपट्ट्या लावल्या. पाव, अर्धी, पाऊण. मी तिथेच बसले होते. बाटलीची मान निमुळती आहे आणि त्यामुळे हे चुकतंय, ते मला दिसत होतं.

बोलावं की नाही? या प्रकरणात मी सर्वांत जास्त वेळ घुटमळले ती ही जागा. बोलले असते तर एका मिनिटात खुणा बरोबर झाल्या असत्या, आणि मुलीने त्या निमूटपणे वापरल्या असत्या. नाही बोलले तर चार-दोन दिवस झाडांना थोडं कमी-जास्त पाणी मिळणार होतं, त्याने ती मरणार नव्हती. मी गप्प बसले.

दोन दिवस काहीच झालं नाही. झाडं तक्रार करत नाहीत. तिसऱ्या दिवशी धाकट्याने तशीच दुसरी रिकामी बाटली पैदा केली आणि खेळ मांडला : पहिलीत पहिल्या खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि दुसरीत ओतायचं. एक पाव, दोन पाव, तीन पाव. चौथा ओतताना पाणी तोंडातून बाहेर आलं आणि त्याच्या पायांवर सांडलं.

मुलगी आधी त्याच्यावरच ओरडली, "तू जास्त भरलंस!" मग तिने स्वतः करून पाहिलं. बाटली कठड्यावर ठेवून, गुडघ्यांवर बसून, डोळा खुणेच्या रेषेत आणून. पुन्हा सांडलं. आणखी एकदा केलं. पुन्हा सांडलंच. संध्याकाळी आई दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच तिने जाहीर केलं, "आई, तुझा पाव खोटा आहे."

आईने आतल्या खोलीत जाऊन मला फोन केला, "ताई, सांगून टाकू का?" मी म्हटलं, "तिला काय वाटतं ते ऐका फक्त." पुढची चाळीस मिनिटं मुलगी ती बाटली घेऊन बसली होती. दिव्यासमोर धरली, आडवी केली, बोटाने वरून खाली चाचपली. शेवटी आजोबांना म्हणाली, "इथे हिचं पोट आहे आणि इथे मान. मानेत कमी मावतं. आईने मान आणि पोट सारखंच मोजलं."

आजोबांनी 'शाबास' सुद्धा म्हटलं नाही. (नंतर मला म्हणाले, "प्रश्न नको म्हणालात, शाबासकीचं माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसलो.") त्यांनी फक्त दुसरी बाटली तिच्याकडे सरकवली. मुलीने पहिली काठोकाठ भरली, मग थोडं थोडं दुसरीत ओतत गेली, दोन्ही शेजारी ठेवून पाणी एका रेषेत येईपर्यंत. ही खरी अर्धी. तिथे खूण केली. मग एक बाटली रिकामी करून उरलेल्या अर्धीचे पुन्हा तसेच दोन भाग केले. हा खरा पाव. अर्धीत पाव ओतला की पाऊण. नवी पावची खूण आईच्या खुणेपेक्षा बोटभर खाली आली. जुन्या पट्ट्या तिने काढल्या नाहीत. त्यांच्यावर 'आईचे' असं लिहिलं आणि नव्यांवर 'खरे'.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. ओतणं, पुसणं, झाडणं अशी कामं त्यांच्या पद्धतीत नेहमीच राहिली आहेत, आणि साधन असं हवं की चूक त्या साधनानेच दाखवावी, मोठ्यांना तोंड उघडावं लागू नये, असा त्यांचा आग्रह होता. आमच्याकडे हे काम धाकट्याच्या ओल्या पायांनी केलं.

पट्ट्यांवर जागा कमी होती, म्हणून मुलीने पावसाठी एक उभी रेघ काढली, अर्धीसाठी दोन, पाऊणसाठी तीन. ते पाहून आजोबा खो खो हसले. जुन्या हिशेबाच्या वह्यांत पाव, अर्धा आणि पाऊण असेच उभ्या रेघांनी लिहीत, हे तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. मग त्यांना पाऊणकीचा पाढा आठवला : पाऊण दोनदा घेतलं की दीड, तीनदा सव्वादोन, चारदा तीन. मुलीला तो पाढा पाठ करायचा नव्हता, पण 'चारदा तीन' यावर तिचे कान टवकारले, कारण तिच्या मधल्या कुंड्या चारच होत्या.

त्यांच्या बादलीत पाच बाटल्या पाणी मावायचं आणि रोज शेवटच्या कुंडीपाशी ते संपायचं. आता तिने हिशेब मांडला. मला तो जसाच्या तसा लिहावासा वाटतो : "मधल्या चारींना एकेक बाटली दिली असती तर चार. पण प्रत्येकीत पाव कमी. चार पाव म्हणजे एक बाटली. चारातून एक गेली, तीन. मोठीची एक, चार. दोन अर्ध्या, पाच. दोन पाव म्हणजे अर्धी. साडेपाच. बादली अर्ध्या बाटलीने कमी पडते." कागद नाही, पेन्सिल नाही. याच मुलीला ४ × ३/४ वहीत दिलं असतं, तर तिने काय लिहिलं असतं कोण जाणे.

कागदाकडे

चिन्ह कधी आणायचं? चौथ्या आठवड्यात आणावं, असं माझ्या मनात होतं. पण हातात आयतं कारण नव्हतं आणि पुन्हा 'सांग बरं'वर जायचं नव्हतं. म्हणून थांबले. पाचव्या आठवड्यात आजोबा दहा दिवसांसाठी बाहेरगावी निघाले आणि मुलीची शाळेची सहल मधेच आली. दोन दिवस पाणी बाबा घालणार होते. मुलीने त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहिली, नऊ कुंड्यांची चित्रं आणि प्रत्येकीखाली रेघा. बाबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "या रेघा मला नाही कळत बुवा. शाळेत लिहितात तसं लिही की."

ते हे मुद्दाम म्हणाले का, मी विचारलं नाही. पण लिहिण्याची खरी गरज त्या वाक्याने निर्माण केली.

मी तेव्हा तिथे होते. इतकंच सांगितलं, की खाली लिहायचं ते बाटली किती सारख्या भागांत वाटली ते, आणि वर लिहायचं त्यातले किती घेतले ते. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे खालचे चार पाण्याचे नाहीतच. ते कितींत कापलं त्याचे." आणि तीन रेघांशेजारी तिने ३/४ लिहिलं.

'छेद' हा शब्द तिने वर्गात महिनाभर ऐकला होता. छेद म्हणजे कापणं, हे मात्र तिला त्या दिवशी कळलं.

पुढचे तीन आठवडे मी एक गोष्ट सोडली नाही : बाटलीचं चित्र, रेघा आणि अंक एकाच पानावर हवेत. हाताने करणं, चित्र पाहणं आणि चिन्हाने मांडणं अशा ज्ञानाच्या तीन तऱ्हा ब्रूनर सांगतात. त्यांचा अर्थ अनेकदा पायऱ्यांसारखा घेतला जातो, वरची आली की खालची सोडून द्यायची. माझा अनुभव असा, की खालची फार लवकर सोडली की मूल वरून घसरतं आणि पाय टेकायला काही उरत नाही.

निकाल

आठव्या आठवड्यानंतर १/२ + १/४ ती बाटली काढून किंवा नुसतं मनाशी म्हणून ३/४ सांगायची, आणि २/६ दाखवलं तर हसायची. "अर्ध्यापेक्षा कमी झालं, मिळवून कमी कसं होईल?" माझ्या दृष्टीने खरा निकाल हा. १/३ आणि १/४ यांत मोठा कोण, तेही कारणासकट सांगायची.

चाचणीत २० पैकी ११ आले. बाबांचा चेहरा काही फार खुलला नाही, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. गेलेल्या नऊ गुणांपैकी बहुतेक तृतीयांश आणि पंचमांशांवर गेले होते. हे मला आधी दिसायला हवं होतं. पाव, अर्धा, पाऊण यांना बोलण्यात शब्द आहेत, तिसऱ्या भागासाठी तसा सुटसुटीत रोजचा शब्द तिच्या तोंडात नव्हता. आणि निम्म्याचं निम्मं करत कितीही वेळ गेलात, तरी तिसरा भाग कधीच हाती लागत नाही. ज्या युक्तीने मुलगी पावापर्यंत पोचली, तीच युक्ती तृतीयांशाच्या दारात तिला सोडून गेली.

पोटदुखी थांबली. पण रात्रीचं पानही थांबलं होतं, आजोबांचा रोज तासभर सहवास वाढला होता, आणि मुलगी दोन महिन्यांनी मोठी झाली होती. श्रेय कुणाला द्यायचं ते मी ठरवू शकत नाही. कुजलेल्या दोन झाडांपैकी एक वाचलं. धाकटा हल्ली कशालाही 'पाऊण' म्हणतो, त्यात त्याचं वयही आलं.

पुन्हा करायचं झालं तर

यादी देणार नाही. दुपारी मूल कुणापाशी असतं ते आधी विचारेन आणि त्याच माणसाशी बोलेन.

तिसरा भाग तिसऱ्याच आठवड्यात आणेन. तीन सारख्या बाटल्यांत पाणी समपातळीत आणणं चिकाटीचं काम आहे, पण कागदाच्या पट्टीची तिपेडी घडी घालायला मुलांना आवडतं, कारण पहिल्या खेपेला ती कधीच बरोबर येत नाही.

चुकीच्या खुणेबद्दल गप्प राहिले, ते पुन्हाही राहीन. मात्र ते चाललं कारण चुकीची किंमत सांडलेल्या पाण्याएवढी होती. तिथे औषधाचं माप असतं, तर क्षणभरही थांबले नसते. आई-वडिलांना मी हा फरक तेव्हा सांगितला नाही, सांगायला हवा होता.

सगळ्यांत मोठी चूक शाळेच्या बाबतीत. मी वर्गशिक्षिकेला भेटले ते चाचणी झाल्यावर. चाचणीत मुलीने प्रत्येक उदाहरणाशेजारी बाटल्या काढल्या होत्या, आणि त्यावर 'खाडाखोड नको' असा शेरा पडला होता. त्यानंतर आठवडाभर तिने चित्र काढणंच सोडलं. बाईंशी बोलल्यावर पाच मिनिटांत प्रश्न सुटला. त्यांना या बाटल्यांची काही कल्पनाच नव्हती, आणि कळल्यावर त्यांनी समासात चित्र काढायला आनंदाने परवानगी दिली. पहिल्या आठवड्यात हीच पाच मिनिटं काढली असती तर तो शेरा पडला नसता.

त्यानंतरच्या स्वाध्यायाची वही मुलीने मला दाखवली. १/३ + १/६ होतं. समासात तीन बाटल्या शेजारी शेजारी काढलेल्या, तिन्हींत सारखं पाणी. १/६ साठी मात्र तिने सहा नव्या बाटल्या काढायला घेतल्या होत्या, आणि चौथीपाशी समास संपला होता.